बिल्डचे ओझे

मुक्तस्रोत प्रकल्पात नवखा माणूस पहिल्यांदा अडतो तो बहुधा बिल्डपाशी. मुख्य कोड समजायला महिने लागतात, पण कोड उतरवून घेतला आणि कंपाईलच होईना, हा अनुभव पहिल्याच दिवशी येतो. जुन्यांच्या अंगवळणी पडलेली गैरसोय त्याला खुपते, आणि आपण हे नीट करून देऊ असे त्याला वाटते. या सुधारणांचा इतिहास सहसा हत्यारांच्या प्रगतीसारखा सांगितला जातो: १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' लिहिले, पुढे ऑटोकॉन्फ आले, मग सीमेक, मग मेसन, जे सरस होते ते टिकले. हे काही खरे नाही. मेकमधला टॅबचा जाच पाहा. आज्ञेच्या ओळीआधी टॅबऐवजी स्पेस पडली की मेकफाइल मोडते. ही खोड फेल्डमन यांच्या लवकरच ध्यानात आली होती, पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते. त्यांची घडी विस्कटू नये म्हणून ती तशीच राहिली, आणि तिचा ताप पुढच्या पिढ्यांनी सोसला. बिल्डमधला बदल टिकतो की नाही, हे त्याच्या रचनेपेक्षा त्याचे ओझे कोणावर पडते यावर ठरते. याचा सर्वांत बोलका पुरावा २००० ते २००२ या काळातल्या लिनक्स कर्नलमध्ये सापडतो.

कर्नल कंपाईल करण्यापूर्वी त्यात काय हवे, काय नको, हे निवडावे लागते. त्यासाठी तेव्हा तीन पर्याय होते: साधी प्रश्नोत्तरे, मेनू आणि खिडक्यांचा पडदा. तिन्ही त्याच फायली वाचत, पण प्रत्येकाचा वाचक वेगळा, त्यामुळे अर्थही कधी कधी वेगळा लागे. एरिक रेमंड हे 'द कॅथिड्रल अँड द बझार' या निबंधामुळे कर्नलबाहेर नावाजलेले, आत मात्र नवखेच. त्यांनी सीएमएल-२ नावाची नवी नियमभाषा आणि तिचे इंजिन पायथॉनमध्ये लिहिले. मार्च २००१ मधल्या कर्नल परिषदेत ते मांडले गेले आणि कर्नलच्या २.५ या विकासमालिकेत येणार असेच चित्र होते. पण नियम नव्याने लिहिलेले, भाषा नवी, आणि कर्नल बनवायचा तर यंत्रावर पायथॉन हवा ही अटही नवी. २००२ च्या पूर्वार्धातच सीएमएल-२ मागे पडले.

यावर नेहमीचा आक्षेप असा की ते तंत्रामुळे पडले नाही, रेमंड यांच्या स्वभावामुळे पडले. वाद कडवट झाले होते हे खरे. पण मग कीथ ओवेन्स यांचे काय? ते कर्नलमधले मुरलेले, मॉड्यूलच्या साधनांची देखभाल करणारे. त्यांचा 'केबिल्ड २.५' मेकफाइलींची सगळी रचनाच बदलणारा होता. तो अवलंबित्वे अचूक शोधत असे, आणि सुरुवातीचा संथपणा काढून टाकण्यासाठी त्यांनी गाभा पुन्हा लिहिला होता. तोही कर्नलमध्ये गेला नाही. त्याऐवजी कर्नलमधला आयएसडीएनचा भाग सांभाळणारे काय गेर्माशेव्स्की जुन्याच मेकफाइलींना छोट्या छोट्या पॅचनी वळण लावत राहिले, आणि ते पॅच एकामागून एक आत जात राहिले. स्वभावाचे कारण इथे लागू पडत नाही.

म्हणजे छोटे ते तरते, मोठे ते बुडते? तसेही नाही. ऑक्टोबर २००२ च्या अखेरीस २.५.४५ मध्ये रोमन झिपेल यांची निवडपद्धती आली आणि तिने सगळ्या जुन्या फायली एका झटक्यात बदलल्या. फरक असा की जुन्या फायलींचे रूपांतर करणारे साधन त्यांनीच लिहून दिले होते. नियमांचा अर्थ तोच राहिला, वाचक मात्र एकच झाला, तोही सी भाषेतला. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना फारसे काहीच करावे लागले नाही. आज 'केकॉन्फिग' म्हणून ओळखली जाणारी ही पद्धत बिझीबॉक्स आणि यू-बूट या प्रकल्पांनीही घेतली. (झेफिर प्रकल्पात तीच भाषा पायथॉनमधल्या लायब्ररीने वाचली जाते, रेमंड यांना याचे हसू यावे.) केडीई या डेस्कटॉप प्रकल्पाचा अनुभवही याच बाजूचा. त्यांनी आधी एस्कॉन्स हे बिल्ड-साधन निवडले, पण त्यावरचा स्वतःचा थर त्यांनाच सांभाळावा लागणार होता. २००६ मध्ये ते सीमेककडे वळले, कारण सीमेकचे कर्ते स्वतः मदतीला आले. शिवाय केडीई ज्यावर उभे आहे त्या क्यूटी लायब्ररीच्या चौथ्या आवृत्तीसाठी सगळा कोड तसाही उकलून ठेवलेला होता.

याच तर्काची काळी बाजू एक्सझेड या संक्षेपण-साधनात दिसली. तिथे २०२१ च्या अखेरीपासून एका टोपणनावी नवख्याने छोटे, उपयोगी पॅच दिले, थकलेल्या मेंटेनरच्या डोक्यावरचा भार हलका केला आणि सहमेंटेनरपद मिळवले. फेब्रुवारी २०२४ च्या ५.६.० मध्ये त्याने पेरलेली चोरवाट बिल्डमधूनच उघडत होती: तिला चालना देणारा मॅक्रो फक्त प्रकाशित गठ्ठ्यात होता, सार्वजनिक भांडारात नव्हता, आणि विषारी भाग चाचणीच्या फायलींमध्ये दडवला होता. लॉगिनला लागणाऱ्या जेमतेम अर्ध्या सेकंदाच्या उशिरावरून पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड यांनी ती हुडकली आणि २९ मार्चला जाहीर केली. म्हणून नवख्यांना बिल्डला हातच लावू देऊ नये, असे म्हणणारे तेव्हा बरेच निघाले. पण त्या माणसाला शिरकाव मिळाला तो एकट्या मेंटेनरच्या शिणामुळे, आणि दारे बंद करून तो शीण काही कमी होत नाही. मे २०२४ मध्ये ५.६.२ ही स्वच्छ आवृत्ती काढायची वेळ आली, तेव्हा ते काम पुन्हा त्याच जुन्या मेंटेनरवर येऊन पडले.