पांझरेच्या पाटावर

चपला काठावर ठेवा, कपडे गुडघ्यावर खोचा आणि उतरा पाटात. इंग्रज अजून खानदेशात यायचाय, पण पांझरा नदीवरचा दगडी बंधारा आत्ताच जुना दिसतोय. आज पाट साफ करायचा दिवस. घरटी एक माणूस आलाय. तुमच्या घरचे तुम्ही. ऊन टाळू भाजतंय, कुजक्या गाळाचा भपकारा नाकात बसलाय, लव्हाळ्याची मुळं उपटून तळहात सोललेत. दुपारी कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. मग पुन्हा फावडं.

संध्याकाळी पारावर दाटी होते. घाम, तंबाखू, गुरांची धूळ. यंदा पाणी किती, पाटाखालच्या शेतांच्या कुठल्या पट्ट्यात, म्हणजे फडात, ऊस, कुठल्यात गहू, कुठला कोरडा ठेवायचा, यावर आवाज चढतात. एका फडात एकच पीक, दरवर्षी फेरपालट. तुम्ही म्हणता, "माझ्या तुकड्यात मी ऊसच लावणार." सगळ्या माना वळतात. पंच शांतपणे सांगतात: तुमचा तुकडा या फडात आहे, तसाच त्याही फडात आहे. कोरड्या फडाची झळ सगळ्यांना, उसाचा गूळही सगळ्यांना. यावर राजाचा शिक्का नाही, कागद नाही. तरी हा ठराव मोडवत नाही, कारण ठरवणाऱ्याचं शेतही त्याच पाण्यावर आहे. याहून पक्का आधार कुठल्या कायद्याला असतो, मला माहीत नाही. तिकडे स्पेनमध्ये वालेन्सियाचे शेतकरीही दर गुरुवारी चर्चच्या दारात बसून पाण्याचे तंटे तोंडी मिटवतात. त्यांना आपली पांझरा ठाऊक नाही, पण त्यांचा निवाडा आपल्या पारावर सहज कळला असता.

रात्री पाणी सुटतं. थंडगार लोट चारीतून खळखळत येतो, ओल्या मातीचा वास उठतो. तुमचा वाफा कोरडाच दिसतो, म्हणून तुम्ही बांधाची माती सरकवायला वाकता.

"पाटले हात लावू नको रे भो!"

अंधारातून पाटकरी येतो, खांद्यावर फावडं, पाय चिखलाने माखलेले. पाणी द्यायचं काम त्याचं एकट्याचं. मालकाने आपल्या शेतात स्वतः पाणी वळवायचं नाही. गुरांपासून पीक राखायला जागल्या आहे, पाटाची देखरेख करायला हवालदार. तुमची पाळी आली की पाटकरी स्वतः बांध फोडतो, वाफा काठोकाठ भरेपर्यंत उभा राहतो आणि मगच शेजाऱ्याकडे वळतो.

सुगीत तो खळ्यावर येईल. त्याच्या वाट्याचं धान्य मोजताना हात आखडू नका.