कडुनिंबाच्या अर्कातून सोन्या-चांदीचे नॅनोकण
७. हरित संश्लेषण : कडुनिंबाच्या पानांपासून सोन्या-चांदीचे नॅनोकण बनतात, हे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मुरली शास्त्री व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केले. पाने उकळून काढलेला अर्क या धातूंच्या क्षारांच्या द्रावणात मिसळला, की अर्कातील द्रव्ये धातूच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात. या द्रव्यांचेच आवरण कणांना एकत्र गोळा होऊ देत नाही. त्यामुळे इलेक्ट्रॉन देणारे वेगळे विषारी रसायन (क्षपणक) लागत नाही. असे कण सोडियम बोरोहायड्राइडच्या साथीने नायट्रोफिनॉलचे अमिनोफिनॉल करणारे उत्प्रेरक ठरतात. मात्र आवरण फार दाट झाल्यास धातूचा पृष्ठभाग झाकला जाऊन अभिक्रिया मंदावते. म्हणून अर्काचे प्रमाण जपावे लागते. — संपा.