सागरी संकटसूचनेचा ऐतिहासिक विकास : ‘रामदास’ दुर्घटना ते व्यक्तिगत संकेतयंत्र
(ठाणे-कल्याण परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

ठाणे व कल्याण या नगरांचा प्राचीन इतिहास हा मूलतः खाडीचा इतिहास आहे. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचे उल्लेख येतात. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यानंतर शिवाजी महाराजांनी आरमाराच्या उभारणीस याच परिसरात प्रारंभ केला. १८५३ मध्ये ठाण्यास व १८५४ मध्ये कल्याणास रेल्वे पोहोचली आणि नागरी जीवन पाण्यापासून दूर गेले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर मात्र ठाणे, कल्याण, डोंबिवलीचा मध्यमवर्ग पर्यटक म्हणून पुन्हा समुद्राकडे वळला. मालवण-तारकर्ली येथील स्कुबा डायव्हिंग हे त्याचे ठळक उदाहरण होय. या पार्श्वभूमीवर बुडणाऱ्या माणसाची हाक किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्या साधनांचा विकास कसा झाला व ती साधने कोणाच्या वाट्यास आली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जहाजाची हाक

८ नोव्हेंबर १८८८ रोजी ‘वैतरणा’ ही आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील नदीचे नाव धारण करणाऱ्या या बोटीवर विजेचे दिवे होते, म्हणून लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. परंतु संकट कळविण्याचे बिनतारी साधन तेव्हा कोणत्याच जहाजावर नव्हते. १९१२ च्या ‘टायटॅनिक’ दुर्घटनेनंतर १९१४ च्या आंतरराष्ट्रीय करारात प्रवासी जहाजांवरील बिनतारी यंत्रणेचा आग्रह धरण्यात आला.

हा नियम किनारी वाहतुकीपर्यंत मात्र पोहोचला नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ बुडाली व सहाशेहून अधिक उतारू मृत्युमुखी पडले. बोटीवर बिनतारी यंत्रणा नसल्याने मुंबईस ही वार्ता कित्येक तास कळली नाही. ज्यांना वाचविता आले, त्यांपैकी अनेकांना रेवसकडील कोळ्यांच्या मचव्यांनी वाचविले. ‘टायटॅनिक’नंतर पस्तीस वर्षांनी, मुंबईच्या दृष्टिपथात, उतारूंचा भरवसा जवळून जाणाऱ्या मचव्यावरच होता.

व्यक्तीची हाक

१९७९ मध्ये अमेरिका, कॅनडा, फ्रान्स व सोव्हिएत संघ यांनी ‘कॉस्पास-सारसॅट’ या उपग्रहाधारित शोधयंत्रणेचा करार केला. शीतयुद्धाच्या काळातील हे सहकार्य लक्षणीय होय. १९८२ मध्ये पहिला उपग्रह सोडण्यात आला आणि त्याच वर्षी कॅनडात कोसळलेल्या विमानातील तिघांचे प्राण वाचले. भारतही पुढे या यंत्रणेत सहभागी झाला. बंगळुरू व लखनौ येथे भूकेंद्रे उभारण्यात आली.

याच यंत्रणेवर पर्सनल लोकेटर बीकन चालते. ते ४०६ मेगाहर्ट्झवर संदेश पाठविते आणि किमान चोवीस तास चालणे अपेक्षित असते. उपग्रहाच्या गतीवरून काढलेले स्थान काही किलोमीटरपर्यंत चुकू शकते. जीपीएस जोडल्यास शोधक्षेत्र शेकडो मीटरांच्या आत येते. तथापि रेडिओलहरी खाऱ्या पाण्यातून जात नाहीत. त्यामुळे डुबकी मारणाऱ्यास पृष्ठभागावर येऊन, ॲन्टेना आकाशाकडे उभा धरूनच ते वापरावे लागते. खोल पाण्याचा दाब सामान्य यंत्रास सोसत नाही. ते दाबरोधक डबीत न्यावे लागते.

अशा साधनाची निकड जानेवारी १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर दिसून आली. डुबकीसाठी गेलेल्या दोघा पर्यटकांना मागे ठेवून बोट परतली व त्यांची अनुपस्थिती दोन दिवसांनी लक्षात आली. त्यानंतर माणसे मोजण्याचे नियम कडक झाले. सिंधुदुर्ग किल्ल्यालगतच्या उथळ पाण्यात बोट नजरेत असते. तेथे शिटी व रंगीत तरंगनळी बहुधा पुरेशी ठरते. परंतु विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटरवरील आंग्रिया बँकेसारख्या खुल्या समुद्रात प्रवाहाने वाहून गेलेल्या माणसाचे डोके लाटांत दिसणे दुरापास्त असते.

कायदा आणि विषमता

१९९९ मध्ये पूर्णत्वाने लागू झालेली जागतिक सागरी संकटसूचना व्यवस्था प्रामुख्याने तीनशे टनांवरील मालवाहू जहाजे आणि आंतरराष्ट्रीय प्रवासी जहाजे यांच्यासाठी होती. लहान होड्या पुन्हा बाहेर राहिल्या. भारतात ही उणीव इस्रोच्या ‘डिस्ट्रेस अलर्ट ट्रान्समीटर’ने २०१० पासून काही अंशी भरून काढली. मच्छीमाराचा संदेश उपग्रहामार्फत केंद्राकडे व तेथून तटरक्षक दलाकडे जातो. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रात ‘संदेश मिळाला’ ही पोच मच्छीमारास परत मिळते. उत्तनसारख्या ठाणे जिल्ह्यातील कोळीवाड्यांच्या दृष्टीने या पोचेचे मोल मोठे आहे.

दुसरीकडे, १९३३ च्या बिनतारी कायद्याने परवान्याविना असे यंत्र बाळगण्यास मनाई केली होती. २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा संमत झाला, तरी राज्यसंस्थेचा सुरक्षाविषयक संशय व व्यक्तीची प्राणरक्षा यांतील ताण संपलेला नाही. परदेशातून आणलेले व भारतात नोंद नसलेले यंत्र हाक देईल. पण ती कोणाची, हे येथील केंद्रास चटकन उमगणार नाही.

निष्कर्ष

संकटसूचनेचे साधन प्रथम मोठ्या जहाजास, नंतर विमानास आणि सर्वांत शेवटी एकट्या माणसास मिळाले, असे या आढाव्यावरून दिसते. ही उतरंड केवळ तंत्रज्ञानाची नसून कोणाचा जीव मोजला जातो, याचीही आहे. शिवाय यंत्र हाक पोहोचविते, हात देत नाही. १९४७ मध्ये हात होते, हाक नव्हती. आज डुबकी मारणाऱ्याच्या खांद्यावर हाक आहे; तिच्या जोडीस नोंदणी, सज्ज तटरक्षक दल आणि जवळचा मच्छीमार असेल, तरच ती सार्थ ठरेल.