हाली, कलदार आणि बट्ट्याचे गणित

लातूरचा माल बार्शीला गेला की पैसा बदलायचा. लातूर निजामाच्या मुलखात, तर बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजी अमलात. नांदेडच्या उत्तरेला हीच सीमा पैनगंगेवर होती. पलीकडे वऱ्हाडातले उमरखेड-पुसद. अलीकडे हाली शिक्का, पलीकडे कलदार. चलनाची खरेदी-विक्री आज मोबाइलवर शिकायची नवी विद्या समजली जाते. आपल्या पणजोबांच्या बाजारात ती रोजची होती. म्हणून या धंद्यात दीर्घकाळ काय टिकते, हे मी इथल्याच इतिहासात शोधले.

‘हाली’ म्हणजे चालू आणि ‘कलदार’ म्हणजे यंत्रावर पाडलेला. रुपये दोन्ही चांदीचे, पण हालीत चांदी कमी. १८९३ साली इंग्रज सरकारने खासगी चांदीसाठी टांकसाळी बंद केल्या आणि कलदारची किंमत चांदीच्या भावापासून सुटली. दोन रुपयांचे जुने नाते त्यामुळे हलले. पुढे निजाम सरकारच्या काळातच दर स्थिरावला तो असा: १०० कलदारला ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. सोप्या हिशेबात सहा कलदार बरोबर सात हाली.

या दोन्ही काळांत सराफाच्या कमाईचे मूळ एकच, लोकांची गरज. कापूस मुंबईकडे गेला की कलदार आत येई. शेतसारा मात्र हालीत भरावा लागे. सुगीत कलदार विकणारे पुष्कळ, बार्शीहून माल आणणाऱ्याला मात्र कलदारच हवा. सराफ दोघांच्या मध्ये बसून बट्टा घेई. समजा, त्याने शंभर कलदार ११६ हालीला घेतले आणि ११७ ला दिले. नफा एक रुपया. तोच पैसा हंगामात दहा वेळा फिरला, तर दहा रुपये.

आता दुसरा माणूस घ्या. त्याच्याजवळ स्वतःचे हजार, कर्जाचे नऊ हजार. सगळ्याचे कलदार घेऊन तो भाव चढण्याची वाट पाहतो. दर हलता असेल, तर दहा टक्क्यांची घसरण त्याचे सगळे भांडवल खाते. दर स्थिर असेल, तर भाव चढतच नाही आणि व्याज मात्र चढत राहते. म्हणजे काळ कोणताही असो, उसन्या पैशावरचा अंदाज बुडवतो. बेताची उलाढाल, दोन्ही नाण्यांचा तोल आणि बाजारातली पत यांवर धंदा चालतो.

तरीही एक धोका कोणत्याही हिशेबात बसत नाही. २९ नोव्हेंबर १९४७ च्या ‘जैसे थे’ करारानंतर लवकरच निजाम सरकारने संस्थानात हिंदी चलनाची कायदेशीर मान्यता काढून घेतली. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली. १९५० पासून भारतीय रुपया हालीच्या जोडीने चालू लागला आणि १९५९ मध्ये हाली चलनातून गेला. दोन नाणीच उरली नाहीत, तेव्हा बट्टा कुठला? केवळ बट्ट्यावर बसलेल्याचा धंदा तिथेच संपला. आडत, सोने-चांदी किंवा शेती जोडीला असलेल्याला पाय ठेवायला जागा राहिली. सरकार हुकूम काढून खेळाचे मैदानच उचलू शकते, हे ज्याने धरले नाही त्याचे धोरण अपुरे.

आज लातूर-नांदेडच्या शिकवण्यांच्या गल्ल्यांत ‘फॉरेक्स’ हा शब्द सर्रास ऐकू येतो. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये अनधिकृत परकीय चलन मंचांची सावधानयादी काढली. मान्यताप्राप्त बाजारातल्या रुपयाच्या व्यवहारालाही मागे खरी देणी-घेणी असली पाहिजेत, हा नियम तिने २०२४ मध्ये ठामपणे बजावला. आपल्या सराफाला हा नियम कोणी लिहून दिला नव्हता. त्याच्या ओट्यावर येणाऱ्याला सारा भरायचा असे किंवा माल आणायचा असे. फीचे पैसे अशा मंचावर लावायला निघालेल्या मुलाला घरच्यांनी एवढेच विचारावे: तुझ्या व्यवहारात समोरच्याची गरज कोणती? उत्तर नसेल, तर बट्टा दुसरा कोणीतरी घेतो आहे.