उरलेला अर्धा श्लोक

आधी चपला काढा. ओसरी आत्ताच शेणाने सारवली आहे, तिच्यावर तुमच्या टाचांचे ठसे उमटले तर घरातली माय बोलल्याशिवाय राहणार नाही. पहाट व्हायला अजून अवकाश आहे आणि माघातली थंडी पिंढऱ्यांना झोंबते आहे. हात पुढे करून चाचपडत चला. घरघर ऐकू येते ना, तिकडे.

घाबरू नका, फार लांब आलेला नाहीत. मघाशी तुम्ही शेगावला पारायणाला बसला होतात. समोर दासगणूंची पोथी, ‘श्रीगजानन विजय’, 21 अध्याय, 3669 ओव्या. दुसऱ्या अध्यायात एका जागी तुमचं बोट थबकलं आणि आजूबाजूची शेकडो तोंडांची पुटपुट हळूहळू या जात्याच्या घरघरीत मिसळून गेली. गाव तेच आहे, साल 1878. तुमच्या हातातली पोथी लिहून व्हायला अजून 61 वर्षं आहेत आणि ती लिहिणारा मुलगा आज दहा वर्षांचा आहे.

“पायता काय नुसते? लावा हात!” मायनं तुम्हाला पाहिलंच. समोर तिची जाऊ बसली आहे. दोघींच्या हातात एक खुंटा, मधे दगडाची पाळी, तिच्या कडेनं झरणारं ज्वारीचं कोमट पीठ. वास घ्या. भाजक्या मातीसारखा, किंचित गोड. तिसरा हात म्हणून खुंटा धरलात की पहिल्या दहा फेऱ्यांतच खांदा भरून येईल. मग माय ओवी घेते. पहिली ओळ तिची, दुसरी जावेची. विठोबा येतो, माहेरचा भाऊ येतो आणि चोखोबा तर पुन्हा पुन्हा येतो. दोघींना अक्षर ओळखता येत नाही. पण गीता मराठीत सांगायला ज्ञानेश्वरांनी जो छंद घेतला, त्याचंही नाव ओवीच. ओवी सुरू झाली की जातं हलकं होतं. ही बोलायची रीत नाही, तुमचा खांदाच तुम्हाला सांगेल. दमलेल्या अंगात श्वास आणि शब्द एका लयीत पडले की दुखणं मागे सरतं, आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत जे येतं त्याला या घरात वेगळं नाव नाही.

दिवस झपाझप ओलांडू. ऊन चढलं की माघ विसरायला होतो. पऱ्हाटीत ओटी बांधून बाया कापूस वेचताहेत, फुटक्या बोंडांच्या काट्यांनी बोटं ओरबाडली आहेत. कापसाने भरलेल्या बंड्यांची रांग गावात शिरते. बैलांचा घाम, शेण, सरकीचा तेलकट वास, आणि घामावर चिकटलेले कापसाचे तंतू, कितीही पुसा, निघत नाहीत. लांबून आगगाडीची शीळ येते. रेल्वे येऊन दहाएक वर्षं झाली तरी पोरं अजून धावत बघायला जातात. दुपारी हातावरच भाकरी, तिच्यावर झुणका, बुक्कीनं फोडलेला कांदा. डोळ्यांत पाणी येईपर्यंत खा.

संध्याकाळी सगळं गाव महादेवाच्या देवळाकडे निघालं आहे. गोविंदबुवा टाकळीकरांचं कीर्तन! वद्य पक्ष आहे, चंद्र उशिरा येणार, म्हणून हातात टेंभे. गर्दीत घुसा. कोणाचं घोंगडं तुमच्या गालाला घासतं, कोणाचं पोर खांद्यावरून तुमचे केस ओढतं. आत मृदंगाला थाप पडते, टाळ वाजतात, जवसाच्या तेलाचा धूर आणि बुक्क्याचा वास दाटतो. दारातून सरकून आत शिरायला तुम्हाला जागा होईलही.

पण मायला शोधा.

ती आत नाही. आवाराच्या पलीकडे, उजेड संपतो तिथे, आपल्या माणसांबरोबर ती जमिनीवर बसली आहे. त्यांना आत येता येत नाही. पहाटेच्या ओवीत चोखोबा का येत होता, ते आता कळलं असेल. आजच्या बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला मेहुणा राजा आहे, चोखामेळ्याचं जन्मगाव. तोही पंढरीत दाराबाहेरच उभा राहिला, आणि तिथूनच त्याने अभंग रचले. तुम्ही आत जाऊ नका. मायशेजारी बसा. जमीन गार आहे, पण इथून ऐकू येतं.

आणखी एक जण बाहेर आहे. निंबाखाली, अंगावर वस्त्र नाही. लोक त्याला वेडा समजतात. थोडे दिवस झाले गावात दिसू लागून. पहिल्या दिवशी तो उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना गावातल्या बंकटलालाने पाहिला, आणि तेव्हापासून बंकटलालाचा जीव थाऱ्यावर नाही.

बुवांनी भागवतातली हंसगीता काढली आहे. सनकादिकांनी बापाला, ब्रह्मदेवाला, विचारलं: मन विषयांत शिरतं, विषय मनात शिरतात, मग सुटायचं कसं? ब्रह्मदेवालाही उत्तर देता येईना, तेव्हा देव हंस होऊन आला. बुवा श्लोकाचा पूर्वार्ध म्हणतात. रंगून विवरण करतात. आत माणसं डोलत आहेत. बुवा श्वास घेतात.

आणि उत्तरार्ध निंबाखालून येतो.

स्वच्छ, एकही अक्षर न अडखळता. तुम्ही बाहेर आहात म्हणून तो तुम्हाला आतल्यांच्या आधी ऐकू आला. टाळ थांबतात. एक पोर रडत होतं तेही गप्प होतं. तुमच्या मानेवर काटा आला आहे, हात लावून बघा. मायला संस्कृत कळत नाही, पण कोणीतरी ओळ पुरी केली एवढं तिला नक्की कळलं. ती रोज पहाटे तेच करते.

बुवा धावत बाहेर येतात, हात जोडतात, आत चला म्हणतात. पोथीत पुढचं फार मोलाचं आहे. निंबाखालचा तो माणूस म्हणतो, ईश्वर सगळीकडे भरून आहे असं आत्ता तूच सांगितलंस, मग आत आणि बाहेर कुठलं? बोलतोस तसा वाग.

त्या रात्री बाहेर आणखी कोण बसलं होतं, ते पोथी सांगत नाही. तुमचं बोट थबकलं ते याच जागी, आणि माझंही दर पारायणाला थबकतं. हा प्रश्न बुवांना होता, पण तो मायच्या डोक्यावरून गेला, आणि तिला कोणी आत बोलावलं नाही. निंबाखालचा तो माणूस म्हणजे गजानन महाराज; त्यांच्या चमत्कारांच्या गोष्टी लहानपणापासून ऐकल्या आहेत. मला मात्र सगळ्यांत जास्त आनंद या एका प्रश्नाने दिला आहे, आणि झोपही याच प्रश्नाने उडवली आहे.

टेंभे विझतात. घराकडे चालताना माय काही बोलत नाही. तुम्ही घोंगडं ओढून ओसरीवर पडता, पण डोळ्याला डोळा लागत नाही.

मग पुन्हा पायलीभर ज्वारी, पुन्हा अंधार. जाऊ आज तापानं फणफणली आहे, आतल्या खोलीत कण्हते आहे. माय एकटीच जात्याशी बसते, मूठभर दाणे घालते, पाळी फिरू लागते. ती पहिली ओळ म्हणते. नवीन आहे, निंबाखालच्या त्या माणसावरची. आणि थांबते.

समोरची जागा रिकामी आहे. या, बसा. खुंटा धरा.