ऊन तेच होतं, हिशोब बदलत गेला

मार्च उजाडला की मला एक प्रश्न हमखास येतो. "भाऊ, गच्चीवर सोलर बसवू का? परवडतं का?" आणि त्याला जोडूनच, "आपल्याकडे ऊन तर एवढं आहे!" एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे. घाई असेल तर सेव्ह करून ठेवा, पण पैसे भरायच्या आधी वाचा.

या सगळ्यात उन्हाचा वाटा लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच कमी आहे. आपल्या आजोबांच्या काळातही हेच ऊन होतं. सत्तर वर्षांत बदलला तो पॅनेलचा भाव, विजेचा दर आणि सरकारी नियम.

१९५० च्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने सूर्यचूल तयार केली. मोठं कौतुक झालं, चूल बाजारातही आली, आणि पडून राहिली. ऊन फुकट होतं, पण गोवऱ्या आणि काट्याकुट्याही फुकटच होत्या. चुलीला मात्र रोख पैसे लागत होते, आणि दुपारी उन्हात उभं राहून संध्याकाळच्या भाकरी कोण करणार? १९८० नंतर सरकारने अनुदान देऊन पेटीवाले सोलर कुकर खपवले. त्यातले किती आज माळ्यावर आहेत ते आपापल्या घरी बघा. उन्हाचं पाणी तापवणारे बंब मात्र टिकले, कारण गिझरचं बिल डोळ्यांना दिसत होतं.

उन्हापासून थेट वीज करणारा सिलिकॉनचा घट अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने १९५४ मध्ये जगाला दाखवला. पडलेल्या उन्हातलं जेमतेम ६ टक्के तो विजेत बदलायचा. किंमत एवढी अफाट की परवडला तो फक्त उपग्रहांना. १९५८ च्या व्हॅनगार्ड उपग्रहावर तो बसला, कारण तिथे तार ओढायची सोयच नव्हती. १९७० च्या दशकात एलियट बर्मन या रसायनशास्त्रज्ञाने एका तेल कंपनीच्या पैशावर हा भाव वॅटमागे १०० डॉलरवरून २० डॉलरवर आणला. तेव्हा डॉलर पावणेआठ रुपयांच्या आसपास होता. म्हणजे एका किलोवॅटच्या नुसत्या पॅनेलला दीड लाखावर रुपये. त्या पैशात तेव्हा आपल्याकडे शेत आलं असतं.

मग स्वस्त कुणी केलं? जर्मनीने. जिथे ऊन आपल्यापेक्षा कितीतरी कमी! एक किलोवॅटचं पॅनेल तिकडे वर्षाला साधारण १००० युनिट देतं, आपल्याकडे १४०० ते १५००. पण २००० साली त्यांनी कायदा केला : छपरावर तयार झालेली वीज ठरलेल्या चढ्या भावाने वीस वर्षं घेतली जाईल. लोकांनी कर्ज काढून छपरं भरली. ती मागणी बघून चीनमध्ये कारखाने उभे राहिले. माल वाढला, भाव कोसळला. २०१० ते २०२० या दहा वर्षांतच पॅनेलची किंमत जवळपास ९० टक्क्यांनी उतरली. ढगाळ देशाच्या ग्राहकांनी चढी बिलं भरली आणि स्वस्ताई आपल्या गच्चीवर आली.

त्या काळात आपण काय करत होतो? भारनियमन सोसत होतो. दाभोळचा प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला, २००५ मध्ये वीज मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, आणि राज्यात चार-पाच हजार मेगावॅटचा तुटवडा. बारावीची पोरं मेणबत्तीवर अभ्यास करायची, पिठाच्या गिरणीची वेळ वीज ठरवायची. तरी तेव्हा कुणी सोलर बसवलं नाही. लोकांनी इन्व्हर्टर आणि बॅटरी घेतली, दर तीन-चार वर्षांनी ती बॅटरी बदलली, आणि विकत घेतलेलीच वीज साठवून वापरली. पॅनेल अजून महाग होतं, आणि दिवसा तयार झालेल्या विजेचं करायचं काय, याचं उत्तर नव्हतं. घरात माणसं संध्याकाळी असतात, ऊन दुपारी.

ते उत्तर मिळालं २०१५ मध्ये, महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या नेट मीटरिंगच्या नियमांनी. दुपारची जास्तीची वीज तारेवर सोडा, रात्री परत घ्या, बिल फक्त फरकाचं. तोवर देशात मोठ्या सौर प्रकल्पांच्या विजेचा भावही खाली येत होता. २०१० च्या लिलावात युनिटला सुमारे १२ रुपये होता, तो २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडल्याला २ रुपये ४४ पैशांवर आला. २०२४ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान सूर्यघर योजना आली : २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार, आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला एकूण ७८ हजार रुपये अनुदान. आज जो तो विचारतोय तो यामुळे.

आता आपल्या बिलावर येऊ. गेल्या दोन-तीन वर्षांत महावितरणचा घरगुती दर, वहन आकार धरून, पहिल्या १०० युनिटला सहाच्या आसपास आणि १०१ ते ३०० ला अकराच्या आसपास राहिला आहे. वर १६ टक्के वीज शुल्क. ज्या घरात महिन्याला ३०० युनिट जळतात, तिथे या हिशोबाने महिन्याचे तीन हजारांवर वाचतात. ३ किलोवॅटचा संच अनुदान वजा जाता सव्वा लाखाच्या आसपास पडला, तर तीन-चार वर्षांत पैसे वसूल. अशा घराने विचार कसला करायचा? बसवावं.

पण ज्या घरात ५० युनिट जळतात, दोन पंखे, टीव्ही, चार दिवे, तिथे महिन्याला साडेतीनशे वाचतात. स्थिर आकार सुटत नाहीच. एक किलोवॅटला अनुदानानंतर ३५ हजार धरले तरी आठ वर्षं लागतात, तेही पत्र्याच्या छताने वजन आणि वारा सोसला तर. उरलेली वीज वर्षाअखेर विकली जाते, पण अगदी कमी दराने. म्हणजे ज्याला बिलाचा ताण सगळ्यात जास्त, त्याला फायदा सगळ्यात कमी. भाड्याने राहणारा तर या गणितातच नाही. माझा योजनेला विरोध नाही, पण "सगळ्यांना मोफत वीज" असं लिहिलेले फलक बघितले की हे लिहावंसं वाटतं.

उन्हाबद्दलही एक सांगतो, कारण विकणारे सांगत नाहीत. पॅनेलला उजेड लागतो, उष्णता नको असते. कागदावरची क्षमता पॅनेल २५ अंशावर असतानाची. मे महिन्यात बाहेर ४४ असताना पॅनेल ६५ च्या पुढे तापतं, आणि दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के वीज घटते. म्हणजे सुमारे १५ टक्के गेली. त्यात धूळ. बोअरच्या जड पाण्याने धुतलंत तर पांढरे डाग बसतात ते वेगळेच. फेब्रुवारी-मार्चचं ऊन यापेक्षा चांगलं. वर्षाची सरासरी दिवसाला किलोवॅटमागे चार युनिट धरा. कुणी सहा सांगत असेल तर दुसरीकडे विचारा.

आणि लाईट गेली की साधा सोलरही बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या गच्चीवरच्या विजेचा झटका बसू नये म्हणून ती सोय केलेली असते. लाईट गेल्यावरही पंखा फिरायला हवा असेल तर बॅटरीवाला संच लागतो, आणि मग वरचा सगळा हिशोब बदलतो.

खरी जोखीम नियमांची आहे. पॅनेलची हमी पंचवीस वर्षांची, इन्व्हर्टर दहा-बारा वर्षांनी बदलावा लागतो, पण नियम त्याहून लवकर बदलू शकतो. २०१९ मध्ये आयोगाच्या मसुद्यात नेट मीटरिंग ३०० युनिटपर्यंतच ठेवायचा प्रस्ताव होता. ग्राहक संघटना, बसवणारे, सगळ्यांनी हरकती घेतल्या आणि डिसेंबरच्या अंतिम नियमांत नेट मीटरिंग राहिलं. कंपन्यांचं म्हणणंही अगदी खोटं नाही : जास्त बिल भरणारा ग्राहक गच्चीवर गेला की तारा-खांबांचा खर्च उरलेल्यांवर येतो, आणि उरलेले म्हणजे तेच ५० युनिटवाले. हा वाद पुन्हा येणार. पुढच्या वेळी आयोग हरकती मागवेल तेव्हा जाहिरात इथे टाकतोच, पण आपल्या तालुक्यातून तेव्हा चार पत्रं तरी जायला हवीत.

तोवर ज्यांना विचारायचं आहे त्यांनी गेल्या बारा महिन्यांची बिलं समोर ठेवून युनिट लिहून कळवा. कंपनीचं नाव मला विचारू नका, मी सांगणार नाही.