डब्यावरचं चित्र
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या भाचीचा तळेगावला छोटासा घरगुती उद्योग आहे. सहलीला न्यायचे पदार्थ ती करते. भडंग, सुकी भेळ, तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगदाण्याची चिक्की. दुधात भिजवलेली दशमी प्रवासात टिकते, हे आपल्या आज्यांना ठाऊकच होतं. भाचीने ती पाकिटात घातली, एवढंच. माल उत्तम आहे, पण खपत नाही. दुकानदार पाकिटं मागच्या फळीवर टाकतो. बचत गटाकडून कर्ज काढलेलं, आणि हप्ता चुकायच्या बेताला आलेला. अशात एक दिवस ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘‘मावशी, तू जन्मभर कंपन्यांच्या पाकिटांवर चित्रं काढलीस. आता माझ्यासाठी काढ. पण जुन्या काळची वाटली पाहिजेत हं.’’

मी उपयोजित कला शिकले आणि तीस वर्षं वेष्टनांची चित्रं करण्यात घालवली. त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. पण ‘जुन्या काळची’ म्हणजे नेमकी कुठल्या काळची? सहल म्हटल्यावर आमच्या भागात पहिली आठवते ती मळवली. स्टेशनावर उतरायचं, भाज्याची लेणी बघायची, दम असेल तर लोहगड चढायचा. तेव्हा वही-पेन्सिल घेऊन मी आधी भाज्याला गेले. पायऱ्या, कमानी, हिरवा डोंगर असं काहीतरी रेखाटावं, असा विचार होता.

पायऱ्यांच्या कडेला टेकले, तर पायाशी मातीतून एक हिरवा कोपरा डोकावत होता. काठीने उकरून ओढला, तर चिवड्याचं पाकीट. वर मिरची धरलेला पोपट. तो पोपट मी काढला होता! अठरा-वीस वर्षांपूर्वीचं काम. तो चिवडा काढणारी कंपनी कधीच बंद पडली. पोपटाचा हिरवा मात्र जसाच्या तसा. हा हिरवा मनासारखा यावा म्हणून मी छापखान्यात दोन दिवस भांडले होते, तेही आठवलं. अशा पाकिटांत चित्र वरून छापत नाहीत. पारदर्शक प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला उलटं छापतात आणि मागून दुसरा थर चिकटवतात. म्हणून हाताने कितीही घासलं तरी ते पुसत नाही. कामाच्या दिवसांत याचं आम्हाला फार कौतुक वाटायचं. त्या पायरीवर बसून मात्र काही सुचेना. चित्र काढायचं तसंच राहिलं आणि मी पाकीट पिशवीत घालून घरी आले.

गंमत अशी की, छापलेलं चित्र जपून ठेवायचं ही सवय आपल्याकडे घरोघर रुजवण्यात याच मळवलीचा मोठा हात आहे. राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत शिळाछाप छापखाना काढला. पुढे मुंबईत प्लेगची साथ आली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापखाना मळवलीजवळ हलला. शिळाछाप म्हणजे नावाप्रमाणेच दगडावरून छापणं. चुनखडीचा गुळगुळीत दगड घ्यायचा, त्यावर तेलकट शाईने चित्र काढायचं. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, या साध्या तत्त्वावर सारा कारभार. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. लक्ष्मीच्या गालांवरची लाली आणि तिच्या साडीचा काठ वेगवेगळ्या दगडांवरून यायचा, आणि सगळे दगड एकमेकांशी केसभरही न चुकता जुळावे लागायचे. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी या छापखान्यासाठी काम केलं होतं. पुढे छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला आणि देवादिकांच्या चित्रांबरोबर व्यापारी मालाची लेबलंही तिथे छापली जाऊ लागली. 1972 मध्ये आगीत तो जळाला. पण त्यातून निघालेली लक्ष्मी-सरस्वती अजून कितीतरी देवघरांत फुलांच्या हाराखाली आहेत. त्याच परिसरातला माझा पोपट चिखलात!

आता तुम्ही म्हणाल, देवाचं चित्र आणि चिवड्याचं पाकीट यांची बरोबरी कशी करता? खरं आहे. म्हणून मग मी शोध घेतला तो खाण्याच्याच वस्तूंचा. खाणं संपल्यावरही वेष्टन लोकांनी टाकलं नाही, असं कुठे, कधी घडलं?

तर ते घडलं इंग्लंडमध्ये, रेडिंग नावाच्या गावात. लंडनहून बाथला जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव. 1822 मध्ये जोसेफ हंटली यांनी तिथे बिस्किटांचं दुकान थाटलं. समोरच्या खानावळीपाशी घोडागाड्या थांबत. दुकानातला पोऱ्या टोपली घेऊन गाडीपाशी जाई आणि उतारूंना बिस्किटं विकी. म्हणजे मुळात हा प्रवासातलाच खाऊ. अडचण एकच, दमट हवेत बिस्किटं सादळत. हंटलींचा मुलगा, त्याचंही नाव जोसेफच, लोखंडी सामानाचा व्यापारी होता. त्याने पत्र्याचे घट्ट झाकणाचे डबे करून दिले. बापाचं बिस्किट, मुलाचा डबा. पुढे जॉर्ज पामर भागीदार झाले आणि ‘हंटली अँड पामर्स’ हे नाव जगभर गेलं.

सुरुवातीला डब्यांवर कागदी लेबलं डकवत. कागद ओलाव्याने सुटतो, फाटतो. थेट पत्र्यावर छापावं, तर दगड टणक आणि पत्राही टणक. टणकावर टणक दाबलं की शाई नीट बसत नाही. 1868 च्या सुमाराला, आपण लहानपणी हातावर चित्रं उमटवायचो, त्या पद्धतीने पत्र्यावर चित्र उतरवण्याची युक्ती निघाली. पण खरी वाट सापडली ती 1875 मध्ये. दगड आणि पत्रा यांच्यामध्ये एक मऊ पृष्ठभागाचा रूळ घालायचा. दगड चित्र रुळाला देणार आणि रूळ ते पत्र्याला देणार. बार्कले आणि फ्राय या लंडनच्या मंडळींनी याचं पेटंट घेतलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हीच युक्ती कागदासाठी वापरली गेली. तिलाच आपण ऑफसेट म्हणतो. म्हणजे हे भाषण जेव्हा वर्तमानपत्रात छापून येईल, तेव्हा त्याची वाट एका बिस्किटाच्या डब्यावरून आलेली असेल.

मग काय, डब्यांना नुसता बहर आला. नाताळच्या सुमाराला नवेनवे आकार निघत. 1900 सालचा एक डबा तर चामड्याच्या पट्ट्याने बांधलेल्या आठ पुस्तकांच्या गठ्ठ्यासारखा होता, पुस्तकांचे पुठ्ठे वापरून मळल्यासारखेसुद्धा दाखवलेले. बिस्किटं आठवड्यात संपत, डबा मात्र बटणं, पत्रं, सुया-दोरे यांसाठी घरात राही. आफ्रिकेत युगांडामध्ये वाळवी पुस्तकं फस्त करते, म्हणून तिथलं बायबल बिस्किटांच्या डब्यात मावेल अशा बेताने छापलं गेलं. रेडिंगच्या कारखान्यात बिस्किटं भाजणं 1976 मध्ये थांबलं, पण डबे अजून संग्राहकांच्या कपाटांत आहेत.

आमच्या घरातही असा एक डबा होता. माझ्या आजीचा. तो आला कसा, हे सांगण्यासारखं आहे. आजीच्या सासऱ्यांच्या काळात ब्राह्मण घरात बिस्किटाला प्रवेश नव्हता. 1890 च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली, त्यावरून केवढं रामायण झालं, ते आपण वाचलेलं असतं. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. नावं वर्तमानपत्रात छापली गेली, ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत पोचलं. अशा दिवसांत आजीचे सासरे रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. साहेबाने रिकामा झालेला डबा त्यांना दिला. बिस्किटाला घरात मज्जाव, पण डबा राखेने तीनदा घासून आत आला! आजी त्यात वाती ठेवायची. झाकणावर नदीकाठची सहल होती. नाव, छत्र्या घेतलेल्या मडमा, गवतावर अंथरलेलं पांढरं कापड. कंपनीचं नाव घासून घासून कधीच गेलं होतं. मडमांचे चेहरेही गेले होते. पांढरं कापड तेवढं राहिलं होतं, आणि आम्ही मुली त्यावर काय-काय वाढलेलं असेल, याच्या पैजा लावायचो. मला चित्रकलेचं वेड लागलं ते त्या झाकणामुळे, असं मला कधीकधी वाटतं.

आमची स्वतःची सहल मात्र साधीच. कार्तिकात आवळीभोजन, पत्रावळी आणि द्रोण, जेवण झालं की गाईपुढे. शाळेच्या सहलीत वर्तमानपत्रावर भेळ आणि मेणकागदातला पार्ले ग्लुकोचा पुडा. विलेपार्ल्याच्या त्या कारखान्यात बिस्किटं 1939 मध्ये सुरू झाली. आधीच्या वेष्टनावर गाई आणि गवळण असायची. साठच्या दशकात एव्हरेस्ट या जाहिरात संस्थेतल्या मगनलाल दैया यांनी ती गोबऱ्या गालांची मुलगी काढली. ती अमकी आहे, तमकी आहे, असं लोक अजून छातीठोकपणे सांगतात. आहे ती कल्पनेतलीच. कारखाना 2016 मध्ये बंद झाला, तरी मुलगी काही मोठी झाली नाही.

शोधता शोधता आणखी एक गोष्ट सापडली, आणि ती वाचून मी खुर्चीतून उठलेच. आमच्या लहानपणी पुण्याकडे येणारी गाडी कर्जतला थांबायची. पुढे बोरघाट. मागून ढकलायला जादा इंजिनं लागायची, आम्ही त्यांना बँकर म्हणायचो. ती लागेपर्यंत उतारू खाली उतरून वडा खायचे. जपानात अगदी असंच एक स्टेशन होतं. योकोकावा. पुढे उसुई घाट, तिथेही जादा इंजिनं जोडायची, तिथेही गाडी थांबायची. ओगिनोया नावाचं दुकान फलाटावर जेवणाचे डबे विकायचं. त्या काळी असे डबे थंडगार असत. दुकानाच्या मालकीणबाईंनी उतारूंनाच विचारायला सुरुवात केली, तुम्हाला काय आवडेल? उत्तर आलं, गरम आणि घरच्यासारखं. मग 1958 पासून त्यांनी माशिको गावच्या भाजक्या मातीच्या छोट्या हंडीत भात द्यायला सुरुवात केली. वर कोंबडी, बांबूचे कोंब, लाव्याचं अंडं, एक जर्दाळू. हंडीवर कागद, त्यावर चित्र, आणि दोरी. जेवण झाल्यावर हंडी कोण टाकणार? लोकांनी ती घरी नेली. त्यात एका माणसापुरता भात शिजतो.

1997 मध्ये बुलेट ट्रेन आली आणि घाटातला तो जुना मार्ग बंद झाला. इंजिनं गेली, गाडीचं थांबणं गेलं. हंडी मात्र अजून विकली जाते. जपानी रेल्वेच्या डब्यांवरचे जुने कागद मी पाहिले. कुठे जवळचा डोंगर, कुठे देऊळ, कुठे चक्क परिसराचा नकाशा. आणि एका कोपऱ्यात बारीक अक्षरात सूचना, की रिकामा डबा खिडकीतून फेकू नये. म्हणजे तिकडेही फेकणारे होतेच!

भाचीला मी हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘मावशी, पत्र्याचा डबा भेळेपेक्षा महाग पडतो. मातीच्या हंडीचं तर नावच काढू नकोस.’’ तिचं बरोबर होतं. आतलं पाकीट प्लॅस्टिकचंच राहणार, नाहीतर भडंग सादळेल, हेही मला मान्य करावं लागलं. चिखलातला पोपट मी टेबलावर ठेवला, पण त्याचा इतिहास तिला माहीत होता. ती काही बोलली नाही, हे तिचं मोठेपण.

शेवटी मी बाहेरच्या कागदी पट्टीसाठी नकाशा काढला. मळवली स्टेशन, भाजे गाव, लेण्यांच्या पायऱ्या, पुढे लोहगड, विसापूर. पाण्याची टाकी कुठे, सावलीचं झाड कुठे, परतीच्या लोकलला पोचायचं तर खाली उतरायला कधी निघावं, सगळं. नकाशा हातात असेल तर परत स्टेशनावर पोचेपर्यंत तरी कुणी तो टाकणार नाही, असा माझा हिशेब. झाडाखाली एक पांढरं कापड अंथरलेलं आहे. त्यावर मी काहीच वाढलेलं दाखवलं नाही.

भाचीला चित्र आवडलं. उलटसुलट करून तिने ते बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, ‘‘पण मावशी, भाज्याला लोक येतात ते पावसाळ्यात. हा कागद पहिल्या धबधब्यापर्यंतसुद्धा टिकायचा नाही.’’

मी मेणकागदाचे नमुने मागवलेत. त्यावर शाई बसते की नाही, ते पुढच्या आठवड्यात कळेल.